नीत्शे, मनू आणि कान तुटलेला कप

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला डोकेदुखीची वही ठेवायला सांगितलं. अर्धशिशी मला कॉलेजच्या दिवसांपासून आहे, त्यामुळे दुखण्यात नवीन काही नव्हतं. कुठल्या तारखेला दुखलं, किती वेळ दुखलं, आदल्या रात्री झोप किती झाली होती, एवढंच लिहायचं. वर्ष संपल्यावर बेरीज केली तर ४१ दिवस निघाले. बायको म्हणाली, "म्हणजे सव्वा महिना तू अंधाऱ्या खोलीत काढलास की!"

मला मात्र ती बेरीज करताना दुसऱ्याच एका माणसाची आठवण होत होती. १८७९ साल संपताना फ्रीडरिश नीत्शेनेही आपल्या दुखण्याचा असाच वर्षाचा ताळेबंद मांडला होता. त्याचा आकडा होता ११८. एका वर्षात ११८ दिवस भयंकर डोकेदुखी, ओकाऱ्या, आणि उजेड सहन न होणारे डोळे. त्याच वर्षी त्याने बाझल विद्यापीठातली प्राध्यापकी सोडली होती. वय ३४. पुढची दहा वर्षं हा माणूस वर्षाला ३००० स्विस फ्रँकच्या पेन्शनवर, एका बॅगेनिशी, भाड्याच्या खोल्यांमधून फिरत राहिला, आणि आपण ज्याला नीत्शे म्हणून ओळखतो ते बहुतेक सगळं त्याने या दहा वर्षांत लिहिलं.

नीत्शे म्हटलं की आपल्याकडे दोन-तीन गोष्टी पटकन आठवतात. देव मेला असं म्हणणारा, 'अतिमानव' सांगणारा, आणि हिटलरचा गुरू. मीही त्याला असाच ओळखत होतो. १९८४ साली पुण्यात हॉस्टेलवर राहत असताना फुटपाथवर 'झरथुष्ट्र'चं इंग्रजी भाषांतर मिळालं, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. एकोणिसाव्या वर्षी ते पुस्तक हाती लागणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. दोन आठवड्यांत माझी खात्री झाली की जगात दोन प्रकारची माणसं असतात, एक कळपातली आणि एक मोकळी. आणि मी अर्थातच दुसऱ्या प्रकारातला आहे. कळपात कोण? तर मेसमधली मुलं, बँकेच्या परीक्षा देणारे मित्र, आणि सगळ्यात आधी माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी संध्या, दहाला कचेरी, संध्याकाळी ग्रंथालयात वर्तमानपत्र. मला वाटायचं, या माणसाने आयुष्यात स्वतःचा म्हणून एकही विचार केलेला नाही.

अण्णांकडे परत येईनच. आधी नीत्शेबद्दल.

त्याचा जन्म १५ ऑक्टोबर १८४४ चा, प्रशियातल्या रोकन नावाच्या खेड्यातला. वडील लुथरपंथी पाद्री. मुलगा पाच वर्षांचा व्हायच्या आतच ते मेंदूच्या आजाराने गेले, आणि पाठोपाठ काही महिन्यांत धाकटा भाऊही गेला. मग आई, आजी, दोन आत्या आणि बहीण एलिझाबेथ अशा बायकांच्या घरात हा एकटा मुलगा नाउमबुर्ग गावी वाढला. मोठेपणी वडिलांसारखं पाद्री व्हायचं हे ठरलेलंच होतं. शुल्पफोर्टा या नावाजलेल्या शाळेत ग्रीक आणि लॅटिन घोटून घेतल्यावर १८६४ मध्ये तो धर्मशास्त्र शिकायला बॉनला गेला, आणि पहिल्याच सत्रानंतर त्याने ते सोडलं. १८६५ च्या ईस्टरला घरी आल्यावर त्याने चर्चमधला प्रसाद घ्यायला नकार दिला. आई रडली. कुठल्याही मराठी घरातला प्रसंग वाटावा असा हा प्रसंग आहे. संध्येला बसायचं नाही असं मुलाने जाहीर केल्यावर जे होतं तेच तिथेही झालं.

पुढच्या काही वर्षांत त्याला दोन नवी दैवतं मिळाली. लाइपझिगच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोपेनहाउअरचा ग्रंथ मिळाला आणि हा त्यात बुडून गेला. १८६८ मध्ये संगीतकार वाग्नरची भेट झाली आणि हा त्याचा भक्त बनला. १८६९ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, डॉक्टरेट हातात नसताना बाझलला प्राध्यापकी मिळाली. मग लाइपझिगने परीक्षा न घेताच पदवी देऊन टाकली. बाझलला जाताना त्याने प्रशियाचं नागरिकत्व सोडलं आणि त्यानंतर तो आयुष्यभर कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता. वर्षभरात प्रशिया-फ्रान्स युद्ध पेटलं तेव्हा हा शुश्रूषक म्हणून गेला, आणि आमांश व घटसर्प घेऊन परत आला. आधीच नाजूक असलेली तब्येत पुढे कधीच नीट सुधारली नाही.

१८७८ मध्ये त्याचं 'मानवी, अतिमानवी' हे पुस्तक आलं आणि वाग्नरशी संबंध संपले. शोपेनहाउअर त्याआधीच मागे पडला होता. इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, जी एकोणिसाव्या वर्षी अजिबात दिसली नव्हती. नीत्शेने ज्यांच्यावर मात केली ते त्याचे शत्रू नव्हते, ती त्याची दैवतं होती. वडिलांचा धर्म, शोपेनहाउअरचा निराशावाद, वाग्नरची भक्ती. प्रत्येक वेळी त्याला स्वतःच्या मनातला एक मोठा, प्रेमाचा भाग कापून काढावा लागला. वाग्नर गेल्यावरही ट्रिब्शेनला त्याच्या घरी घालवलेले दिवस नीत्शेला शेवटपर्यंत आठवत राहिले, ते दिवस कुठल्याही किमतीला द्यायला तो तयार नव्हता. ज्याला आपण तुच्छ मानतो ते सोडून द्यायला काहीच पडत नाही. जे आवडतं, ज्याने आपल्याला घडवलं, ते सोडताना कळतं की आपण किती पाण्यात आहोत.

जर्मनमध्ये या कल्पनेला 'झेल्ब्स्टयूबरविंडुंग' असा जिभेला गाठ पडणारा शब्द आहे. मराठीत 'स्वतःवर मात' म्हणता येईल, पण मला 'स्वतःला ओलांडणं' जास्त जवळचं वाटतं. 'अतिमानव' या शब्दातही तोच 'पलीकडे' आहे. आपण मात्र अतिमानव म्हटलं की दंडाच्या बेटकुळ्या फुगवणारा, दहा जणांना लोळवणारा माणूस डोळ्यांसमोर आणतो. नीत्शेला जो पलीकडे जायला हवा होता तो दुसऱ्यांच्या पलीकडे नव्हे, स्वतःच्या पलीकडे. 'झरथुष्ट्र'च्या दुसऱ्या भागात या विषयावर एक सबंध प्रकरण आहे. त्यात साक्षात जीवनच झरथुष्ट्राला आपलं गुपित सांगतं: मला सतत स्वतःलाच ओलांडत राहावं लागतं. आणि ज्याला स्वतःचं ऐकता येत नाही त्याला दुसऱ्याचा हुकूम ऐकावा लागतो, असाही एक विचार तिथे येतो.

हे नवीन काय होतं? व्यक्तिस्वातंत्र्यावर तर युरोपात शंभर वर्षं लिहिलं जात होतं. कांटने १७८४ मध्ये माणसाला सांगितलं होतं की स्वतःची बुद्धी वापरायचं धाडस कर, आणि पुढच्याच वर्षी मांडलं की जो स्वतः घालून घेतलेल्या नियमाने वागतो तो स्वतंत्र. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये समाजाच्या दडपणापासून व्यक्तीला वाचवण्याची बाजू मांडली. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती. बाहेरची बेडी काढली की आत एक 'मी' आहे, आणि तो तयारच आहे. नीत्शेने विचारलं, हा 'मी' कोण? तू ज्याला स्वतःचा आतला आवाज म्हणतोस तो तुझ्या बापाचा, आजीचा, गावच्या पाद्र्याचा आवाज नाही कशावरून? चिखलात रुतलेल्या माणसाने स्वतःच्याच केसांना धरून स्वतःला वर खेचावं, तशी ही निखळ स्वतंत्र इच्छेची कल्पना आहे, अशी त्याने १८८६ च्या पुस्तकात थट्टा केली. त्याच्या मते स्वातंत्र्य ही जन्मतः मिळालेली वस्तू नाही. ते कमवावं लागतं, आणि किती कमावलं हे किती अडथळा ओलांडला त्यावरून मोजायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं छान, पण ओलांडायचं कसं? लोक नीत्शेला गर्जना करणारा लेखक समजतात, पण १८८१ च्या 'पहाट' या पुस्तकात तो अगदी आपल्या डॉक्टरसारखा बोलतो. एखाद्या जबर ओढीशी झुंजायचे त्याने सहा उपाय दिले आहेत. एक, तिला संधीच द्यायची नाही. दोन, तिला वेळापत्रक लावायचं. तीन, तिला इतकं भरपेट द्यायचं की वीट यावा. चार, तिच्याशी एखादा लाजिरवाणा विचार जोडून टाकायचा. पाच, आपली शक्ती दुसऱ्या कामाकडे वळवायची. सहा, सगळं शरीरच थकवून टाकायचं, उपासतापास करणाऱ्यासारखं. तंबाखू सोडलेल्या कुणालाही विचारा, यातले निदान चार उपाय त्याने केलेले असतील. पण खरी मेख शेवटी आहे. नीत्शे म्हणतो, आपल्याला एका ओढीशी लढावंसं वाटतं तेव्हा बहुधा आपल्यातली दुसरी तितकीच जबर ओढ तक्रार करत असते, आणि बुद्धी फक्त त्यात एका बाजूचं हत्यार बनते. मनाचं सरळ चित्र यात नाही. घरातल्या भाऊबंदकीसारखं काहीतरी आहे, आणि 'मी' म्हणजे त्या क्षणी जो भाऊ वरचढ आहे तो.

अशा माणसाने हे लिहिलं कुठे? १८८१ चा उन्हाळा आणि मग १८८३ ते १८८८ चे सगळे उन्हाळे त्याने स्वित्झर्लंडमधल्या झिल्स मारिया या खेड्यात काढले. समुद्रसपाटीपासून १८०० मीटर उंचीवर, तळ्यांच्या मधे वसलेलं गाव. दुरिश कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर एक साधी खोली, मागच्या बाजूला डोंगर. ते घर आजही आहे, नीत्शे संग्रहालय म्हणून. डोळे इतके अधू की जवळचं वाचवत नसे. १८८२ मध्ये त्याने डेन्मार्कमध्ये बनवलेलं एक टंकलेखन यंत्रही वापरून पाहिलं होतं. तासन्तास चालायचं, चालताना सुचेल ते वहीत टिपायचं, आणि डोकं उठलं की अंधारात पडून राहायचं. पुस्तकं खपत नव्हती. 'झरथुष्ट्र'चा चौथा भाग त्याने स्वतःच्या खर्चाने फक्त ४० प्रती छापून घेतला, आणि तेवढ्या प्रती द्यायलाही त्याला माणसं सापडली नाहीत. तेव्हा शक्तीबद्दल बोलणारा हा माणूस कुणी पैलवान नव्हता. ज्याला सकाळी उठून खिडकी उघडायचीसुद्धा भीती वाटते, अशा माणसाने शक्ती या शब्दाचा अर्थ शोधलेला आहे. अर्धशिशीवाल्यांना हे लगेच कळेल.

३ जानेवारी १८८९ ला इटलीतल्या तुरीन शहरात तो कोसळला आणि पुन्हा शुद्धीवर आला नाही. (चाबकाचे फटके खाणाऱ्या घोड्याच्या गळ्यात पडून तो रडला ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती छापून आली ती बऱ्याच वर्षांनी.) बाझलचा जुना मित्र ओव्हरबेक जाऊन त्याला घेऊन आला. पुढची अकरा वर्षं आईने आणि नंतर बहिणीने सांभाळलं. २५ ऑगस्ट १९०० ला तो गेला.

आणि मग सुरू झाली बहिणीची कारकीर्द. एलिझाबेथचं लग्न बर्नहार्ड फर्स्टर नावाच्या ज्यूद्वेष्ट्या प्रचारकाशी झालं होतं. शुद्ध जर्मनांची वसाहत वसवायला हे जोडपं पॅराग्वेला गेलं होतं. नीत्शेला हा जावई आणि त्याची ज्यूद्वेषाची चळवळ या दोन्हींचा मनस्वी तिटकारा होता, तसं त्याने बहिणीला पत्रांतून स्पष्ट लिहिलं होतं. वसाहत बुडाली, १८८९ मध्ये नवऱ्याने आत्महत्या केली, आणि बाई परत येऊन वेड लागलेल्या भावाच्या कागदांच्या मालक झाल्या. १८९४ मध्ये त्यांनी नीत्शे संग्रहाची स्थापना केली. १९०१ मध्ये त्याच्या टिपणवह्यांतले तुकडे जोडून 'सत्ताकांक्षा' नावाचा ग्रंथ काढला, १९०६ मध्ये तो वाढवून १०६७ परिच्छेदांचा केला. असा ग्रंथ नीत्शेने पुरा केलेला नव्हता. तो बेत त्याने स्वतःच सोडून दिला होता. बाईंनी पत्रांतही फेरफार केले. पहिल्या महायुद्धात 'झरथुष्ट्र'च्या सुमारे दीड लाख प्रती सैनिकांसाठी छापल्या गेल्या. नोव्हेंबर १९३५ मध्ये बाई वारल्या तेव्हा अंत्ययात्रेला हिटलर जातीने हजर होता.

हे सगळं निस्तरायला माणसं लागली, आणि तीही कशी! वॉल्टर काउफमन हा जर्मनीतून १९३९ मध्ये पळून अमेरिकेत गेलेला ज्यू घराण्यातला तरुण. त्याने १९५० मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की नीत्शेच्या 'सत्ते'चा गाभा म्हणजे स्वतःला ओलांडणं. कार्ल श्लेख्टाने त्याच दशकात पत्रांतली लबाडी उघडी केली. आणि माझिनो मोंतिनारी नावाचा इटालियन कम्युनिस्ट आपले गुरू जॉर्जो कोल्ली यांच्यासोबत १९६० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या वायमारला जाऊन, ते अस्सल हस्ताक्षर ओळीओळीने वाचून, मूळ संहिता लावत बसला. १९६७ पासून ती आवृत्ती छापून यायला लागली. नाझींनी पळवलेला लेखक एका ज्यू निर्वासिताने आणि एका कम्युनिस्टाने परत आणून दिला. इतिहास कधीकधी असा न्याय करतो.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. बिचारा नीत्शे, आणि दुष्ट बहीण. बरीच वर्षं मीही इथेच थांबत होतो. पण मराठी वाचकाला इथे थांबता येत नाही, कारण मधे मनू आहे.

१८८८ च्या मे महिन्यात, म्हणजे वेड लागण्यापूर्वी सात-आठ महिने, नीत्शेच्या हाती मनुस्मृतीचं एक फ्रेंच भाषांतर पडलं. भाषांतर करणारा लुई जाकोलियो हा चंद्रनगरला न्यायाधीश म्हणून राहिलेला फ्रेंच गृहस्थ, आणि त्याची संहिता अगदी भरवशाची नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पूर्वी शिकवून गेलेले गेओर्ग ब्यूलर यांचं चांगलं इंग्रजी भाषांतर दोनच वर्षांपूर्वी आलं होतं, पण नीत्शेला इंग्रजी जेमतेमच वाचता येई. गंमत म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र पाउल डॉयसन हा वेदान्ताचा गाढा अभ्यासक, आणि आदल्याच वर्षी तो झिल्स मारियाला येऊन भेटून गेला होता. तरी मनू भेटला तो जाकोलियोच्या हातून.

वाचून नीत्शे भारावला. त्याच वर्षीच्या दोन पुस्तकांत त्याने मनूबद्दल लिहिलं. चांडाळांना कुठलं पाणी प्यायचं, कुठली फुटकी भांडी वापरायची, प्रेतांवरची कोणती वस्त्रं नेसायची याची यादी त्याने उतरवून काढली, आणि हे भयंकर आहे असंही नोंदवलं. टिपणवह्यांत तर मनूच्या पवित्र थापेवर त्याने कडक टीकाही केली आहे. पण छापील पुस्तकात, बायबलशेजारी ठेवून, त्याने मनूला वरचढ ठरवलं. उतरंड ही निसर्गाचीच व्यवस्था आहे असं तो म्हणाला. हे बहिणीने घुसडलेलं नाही. हे त्याचं स्वतःचं आहे. दुनियेतल्या प्रत्येक नैतिकतेला 'तुला कुणी जन्म दिला, कुणाच्या सोयीसाठी?' असं विचारणारा हा माणूस मनूला तोच प्रश्न पुरेशा जोरात विचारायचा विसरला.

तो प्रश्न दुसऱ्या एका माणसाने विचारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावर लिहिलेलं एक इंग्रजी हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र सरकारने ते १९८७ मध्ये त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या तिसऱ्या खंडात छापलं. त्यात नीत्शे आणि मनू यांची तुलना आहे. झरथुष्ट्र म्हणजे मनूचंच नवं नाव, इथपर्यंत बाबासाहेब जातात. नीत्शेला ते मोकळं सोडत नाहीत. पण मग ते जो फरक करतात तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. नीत्शेचा श्रेष्ठ माणूस गुणाने श्रेष्ठ, मनूचा जन्माने. नीत्शेला निदान एक नवा माणूस घडवायचा होता, त्यात त्याचा काही लाभ नव्हता. मनूने मात्र आधीच श्रेष्ठ म्हणवून घेणाऱ्या एका वर्गाचे हक्क राखण्याचं काम केलं.

या फरकातच सगळं आलं. जन्माने श्रेष्ठ असलेल्या माणसाला ओलांडायला काही उरतच नाही. तो जिथे जन्मला तिथेच पोचलेला असतो. आणि ज्याला जन्माने खाली ठेवलं त्याला ओलांडायची परवानगीच नसते. म्हणजे मनूच्या जगात स्वतःला ओलांडणं वरच्यालाही अशक्य आणि खालच्यालाही. ज्या नीत्शेने आयुष्यभर ओलांडणं शिकवलं त्याने अशा ग्रंथाला मान द्यावा, ही त्याच्या विचारातली मोठी भेग आहे आणि ती मला बुजवायची नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. स्वतःला ओलांडणं म्हणजे काय याचं उदाहरण शोधायला मला झिल्स मारियाला जायची गरज नव्हती.

खरं तर महाडलाही जायची गरज नव्हती.

आमचं घर ब्राह्मणाचं. मागच्या दारी, ओसरीच्या कोनाड्यात, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. गावाबाहेरच्या वस्तीतले एक गृहस्थ आमच्याकडे लाकडं फोडायला यायचे. तो कप त्यांचा. चहा वरून ओतायचा, पिऊन झाला की त्यांनीच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. अण्णांपेक्षा ते वयाने मोठे होते, पण घरात सगळे त्यांना अरेतुरे करायचे. आजी तर करायचीच, आणि आम्ही मुलंही. याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. तुळशीवृंदावन असतं तसा तो कप होता.

१९८४ च्या फेब्रुवारीत आजी गेली. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेलो तो नीत्शे बरोबर घेऊनच. एका दुपारी माझं डोकं उठलं होतं म्हणून ओसरीच्या आतल्या खोलीत मी अंधार करून पडलो होतो, आणि दाराच्या फटीतून मागचं अंगण दिसत होतं. लाकडं फोडून झाली. अण्णा दोन्ही हातांत कप घेऊन बाहेर आले. एक पाहुण्यांचा, बशीसकट. दुसरा तो कान तुटलेला. बशीवाला कप पुढे करून अण्णा म्हणाले, "घ्या."

घे नव्हे, घ्या. तो आवाज मला आजही ऐकू येतो, कारण अण्णांचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. हात थरथरत होते, बशी वाजत होती.

ते गृहस्थ थोडा वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असू द्या अण्णा. मी चहा सोडलाय." कुऱ्हाड उचलली आणि गेले.

त्यांनी चहा सोडलेला नव्हता. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात मी त्यांना रोज बघायचो. अण्णा ओसरीच्या पायरीवर बसले आणि त्या कान तुटलेल्या कपातून आपला चहा प्यायले. दोन्ही हातांनी धरून, कारण कान नव्हता. बशीवाला कप शेजारी निवत राहिला.

मी तेव्हा काय विचार केला हे प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, अण्णांची फजिती झाली. बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसावं असं माझ्या मनातही आलं नाही. उशाला 'झरथुष्ट्र' होतं. त्यातली उंट, सिंह आणि बालकाची गोष्ट मी मित्रांना हातवारे करून सांगायचो. आधी ओझं वाहणारा उंट, मग 'नाही' म्हणणारा सिंह, आणि शेवटी नव्याने सुरुवात करणारं बालक. मी स्वतःला सिंह समजत होतो. माझा सिंह मेसमध्ये डरकाळ्या फोडायचा, पण घरच्या कोनाड्यातल्या त्या कपाला त्याने एकोणीस वर्षांत कधी पंजा लावला नव्हता.

आणि त्या गृहस्थांचं काय? आता वाटतं, त्या दुपारी त्या अंगणात दोन माणसांनी स्वतःला ओलांडलं. अण्णांनी आपल्या आईचा आवाज ओलांडला. आणि त्या गृहस्थांनी, इतक्या वर्षांनी उशिरा आलेला मान, 'आता मला नको' म्हणून परत केला. अण्णांच्या शुद्धीसाठी आपण चहा प्यायलाच पाहिजे असं त्यांच्यावर बंधन नव्हतं. अण्णांना हे कळलं असावं, कारण ते रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यातही त्यांनी दोन कप बाहेर आणले. जूनमध्ये मी पुण्याला परतलो. पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही आणि अण्णांनीही सांगितलं नाही.

अण्णा जाऊन आता बारा वर्षं झाली. घर रिकामं करताना तो कप स्वयंपाकघराच्या मांडणीत इतर कपांच्या ओळीत मिळाला. आतून चहाने तपकिरी झालेला, रोजच्या वापरातला. आईला विचारलं तर म्हणाली, "तो ह्यांचा. दुसऱ्या कपातून घ्यायचेच नाहीत."

मी तो इकडे घेऊन आलो. पुस्तकांच्या कपाटात, नीत्शेशेजारीच ठेवला आहे. त्यातून मी अजून चहा प्यायलेलो नाही.